एवढ्याशा ओळीचा धनी कोण?

१९३६ साली प्रभात फिल्म कंपनीचा 'संत तुकाराम' पडद्यावर आला आणि विष्णुपंत पागनिसांच्या तोंडचे एक पद घरोघर म्हटले जाऊ लागले. 'आधी बीज एकले' हे ते पद. त्याचे वळण इतके तुकोबांचे, की भल्याभल्या जाणकारांनी ते तुकोबांचेच धरले आणि गाथेत शोधू लागले. ते तिथे सापडणार नव्हते. ते चित्रपटाचे गीतकार शांताराम आठवले यांनी लिहिले होते. आठवल्यांनी कोणाला फसवले नव्हते आणि ऐकणाऱ्यांच्याही मनात काही वाईट नव्हते. पद गोड होते, लहान होते, एकदा ऐकून पाठ होणारे होते. ते चित्रपटगृहातून बाहेर पडले तेव्हा लिहिणाऱ्याचे नाव मागे राहिले.

लहान ओळीचे हे असेच होते. घेणारा जेवढे सहज उचलता येईल तेवढेच उचलतो. कोण म्हणाले, कोणाला म्हणाले, कोणत्या प्रसंगी म्हणाले, हे सारे जड असते. ते जागच्या जागी पडून राहते.

आज हीच गोष्ट मोबाइलच्या पडद्यावर रोज घडते. लोकांनी पुढे पाठवावी अशी पोस्ट कशी लिहावी, हे शिकवणारे पुष्कळ आहेत. एकच विचार घ्या, पहिल्या ओळीत पकड घ्या, 'अधिक वाचा' वर बोट ठेवायची वेळ आणू नका, मागचापुढचा संदर्भ नसतानाही कळेल असे लिहा. लेखनाच्या दृष्टीने हा सल्ला चुकीचा नाही. पण शेवटच्या सूचनेत एक जुना आणि अवघड धार्मिक प्रश्न दडलेला आहे. संदर्भाशिवाय उभे राहणारे वाक्य खरे राहते का? आणि राहिले नाही, तर त्याचा दोष कोणाला: बोलणाऱ्याला, लहान करणाऱ्याला, की पुढे पाठवणाऱ्याला?

मराठी संतांना हा धोका ठाऊक होता. म्हणून अभंगाच्या शेवटच्या चरणात नाव गुंफलेले असे: तुका म्हणे, नामा म्हणे, नामयाची जनी. पाठांतरावर चालणाऱ्या काळात ही मुद्रा म्हणजे सहीच होती. तरीही ती पुरली नाही. दुसऱ्याच्या कवितेत आपले नाव घुसवणाऱ्या सालोमालोचा तुकोबांच्या गाथेत समाचार घेतलेला आहे. नामदेवांच्या गाथेत नंतरच्या विष्णुदास नाम्याची रचना मिसळली आणि दोघांचे वेगळे काढणे हे संशोधकांचे पिढ्यांचे काम होऊन बसले. ज्ञानेश्वरीच्या हातोहाती फिरणाऱ्या प्रतींतही पाठ बिघडत गेले होते. पैठणला एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्या तपासून शुद्ध पाठ सिद्ध केला आणि शेवटी बजावून ठेवले, की यात पदरची ओवी घालणे म्हणजे अमृत वाढलेल्या ताटात करवंटी ठेवण्यासारखे आहे. हे सांगणाऱ्या एकनाथांकडे स्वतःचे सांगण्यासारखे काय थोडे होते? पण भारुडे, अभंग, भागवतावरची टीका, जे त्यांचे होते ते त्यांनी आपल्या मुद्रेखाली दिले. ज्ञानदेवांच्या पोथीत त्यातले काही मिसळू दिले नाही.

सालोमालोने दुसऱ्याच्या शब्दांवर आपले नाव घातले. आजचा पोस्ट लिहिणारा बहुतेकदा याच्या उलट करतो: आपल्या शब्दांवर दुसऱ्याचे नाव घालतो. कुठलासा सुविचार तुकोबांच्या चित्राखाली छापला जातो, आयुष्याविषयीचे चार उसासे व. पु. काळे किंवा पु. ल. देशपांडे यांच्या नावावर चढतात. वरवर पाहता यात नम्रता दिसते, श्रेय तर आपण घेत नाही! पण नीट पाहिले तर हा अपराध सालोमालोपेक्षा मोठा आहे. सालोमालो श्रेय चोरत होता. हा जबाबदारी दुसऱ्यावर ढकलतो, आणि तीही अशा माणसावर, जो परत येऊन 'हे मी म्हटलेले नाही' असे सांगू शकत नाही. शिवाय संताच्या नावाने आलेल्या वाक्याला कोणी प्रश्न विचारत नाही. नाव लावण्याचे खरे कारणही तेच असते: आपल्या नावावर जी ओळ दहा जणांपर्यंत गेली नसती, ती तुकोबांच्या नावावर दहा हजारांपर्यंत जाते.

यावर एक सोपे उत्तर नेहमी दिले जाते. लहान लेखनच उथळ, खरे ज्ञान ग्रंथांत असते, बाकी सगळे 'व्हॉट्सअॅप विद्यापीठ'. हे उत्तर अन्यायाचे आहे, आणि भारतीय परंपरेकडे पाहिले तर खोटेही आहे. इथले सर्वांत गंभीर विचार सर्वांत लहान वाक्यांत सांगितले गेले. पाणिनीचे सारे व्याकरण सुमारे चार हजार सूत्रांत मावते, पतंजलीचा योग दोनशेहून कमी सूत्रांत. सूत्राची जुनी व्याख्याच अशी, की अक्षरे थोडी असावीत, संदेह नसावा, सार असावे, सगळीकडे लागू पडावे, फालतू शब्द नसावा आणि दोष नसावा. अर्धी मात्रा वाचली तर व्याकरणकारांना पुत्रजन्माचा आनंद होतो, असे म्हटले जाई. मराठीतल्या एसएमएसला ७० अक्षरांची मर्यादा होती, ट्विटरने सुरुवातीला १४० आणि नोव्हेंबर २०१७ पासून २८० अक्षरे दिली. सूत्रकारांना तेवढीही लागली नसती.

मात्र सूत्र कधी एकटे फिरले नाही. त्याच्यामागे गुरू होता, वृत्ती होती, भाष्य होते. ब्रह्मसूत्रांवरून शंकराचार्य अद्वैत काढतात, रामानुज विशिष्टाद्वैत, मध्व द्वैत. शब्द तेच, निष्कर्ष एकमेकांच्या विरुद्ध. म्हणजे संदेह नसावा ही व्याख्येतली अट मोठमोठ्या सूत्रकारांनाही पुरी पाळता आली नाही. फरक इतकाच, की शंकराचार्यांनी किंवा रामानुजांनी आपले म्हणणे स्वतःच्या नावाने, सूत्रापासून वेगळे ठेवून, कारणांसह मांडले. वाचणाऱ्याला सूत्र कुठे संपते आणि भाष्यकार कुठे सुरू होतो हे दिसते.

मराठीत या प्रश्नाचा सर्वांत कसून विचार केला तो महानुभाव पंथाने, आणि तोही तेराव्या शतकात. पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांनी स्वतः काही लिहिले नाही. ते बोलत, चालता चालता, जेवताना, कोणी काही विचारले की. ते निघून गेल्यावर त्यांच्या आठवणी गोळा करायचे काम म्हाइंभटांनी हाती घेतले. हे म्हाइंभट मूळचे शास्त्री, चक्रधरांशी वाद घालायला आलेले. पण आठवणी जमवताना त्यांनी आपले पांडित्य बाजूला ठेवले. ज्याने प्रसंग पाहिला त्याच्याकडे जायचे, त्याच्या तोंडून ऐकायचे, मग रिद्धपूरला पंथप्रमुख नागदेवाचार्यांपुढे ठेवून पारखून घ्यायचे, अशी त्यांची पद्धत. त्यातून साधारण १२७८ च्या सुमारास लीळाचरित्र सिद्ध झाले. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी गेली. अनुयायांनी ती आठवणीतून पुन्हा उभी केली, आणि तेव्हा एकाची आठवण दुसऱ्याशी जुळेना. अशा वेळी एक पाठ खरा म्हणून बाकीचे पुसून टाकणे सोपे होते. महानुभावांनी कोणाच्या परंपरेने कोणता पाठ आला ते नोंदवून वेगवेगळे पाठ जपले. उदाहरणार्थ, पंथातल्या हिराइसेचा पाठ हिराइसेच्या नावाने राहिला.

याच लीळाचरित्रातून पंथातल्या केसोबासांनी चक्रधरांची वचने वेचून सूत्रपाठ केला. आजच्या भाषेत बोलायचे तर त्यांनी एका प्रचंड ग्रंथातून पाठवण्याजोग्या ओळी काढल्या. काही वचने दोन-तीन शब्दांचीच आहेत. पाठ करायला सोपी, पण प्रसंगातून सुटल्यामुळे काही नुसती वाचून कळतच नाहीत. तेव्हा पंथाने 'प्रकरणवश' हा वेगळा ग्रंथ केला. कोणते सूत्र कोणत्या प्रसंगी, कोणाला उद्देशून आले, हे त्यात सांगितले आहे. दृष्टांतपाठात तर केसोबासांनी रचनाच तिहेरी ठेवली. आधी सूत्र, मग चक्रधरांनी सांगितलेला दृष्टांत, मग त्याचा अर्थ उलगडणारे दार्ष्टांतिक. ११४ दृष्टांतांत हीच शिस्त आहे. सूत्र आणि दृष्टांत स्वामींचे, दार्ष्टांतिक केसोबासांचे. गुरूचे बोल कुठे थांबतात आणि आपले कुठे सुरू होतात, ही रेघ त्यांनी पुसली नाही. हत्ती आणि आंधळ्यांचा प्रसिद्ध दृष्टांतही याच ग्रंथात आहे: ज्याच्या हाती जो अवयव आला, त्याला हत्ती तसाच वाटला. तुकडा हाती घेऊन फिरणाऱ्या प्रत्येकाने तो वाचण्यासारखा आहे.

मग एवढी खटपट करून लहान वचने काढायचीच कशाला? त्याचे उत्तर नागदेवाचार्यांनी देऊन ठेवले आहे. केसोबास संस्कृतचे मोठे पंडित. त्यांना संस्कृतात लिहायचे होते. नागदेवांनी त्यांना अडवले, कारण संस्कृतात लिहिले तर आपल्या पंथातल्या म्हाताऱ्या त्याला मुकतील. 'स्मृतिस्थळ' या पंथाच्या ग्रंथात ही आठवण आहे. धर्मविचार सोपा आणि लहान का करायचा, याचे यापेक्षा नितळ कारण दुसरे नाही. ज्यांना पोथी मिळत नाही, मिळाली तर वाचता येत नाही, वाचता आली तर वेळ नसतो, त्यांच्या पदरात काही पडावे म्हणून. आज गावातली आजी नातवाकडून फोन समजून घेते आणि रोज सकाळी एक अभंग शंभर जणांना पाठवते, तेव्हा ती नागदेवांच्या त्या म्हाताऱ्यांची वारस असते. तिची थट्टा करणाऱ्यांना भक्तीही कळलेली नाही आणि वाचनाची भूकही. दोष द्यायचा तर तिच्या हातात खोटा अभंग ठेवणाऱ्याला द्यायला हवा.

बौद्ध परंपरेतला अनुभव आणखी बोलका आहे. इंटरनेटवर बुद्धांच्या नावाने सर्वाधिक फिरणाऱ्या ओळींपैकी एक अशी, की काहीही मानू नका, तुमच्या स्वतःच्या बुद्धीला पटेल तेच माना. तिचा उगम कालामसुत्तात आहे असे सांगितले जाते. कालामसुत्त अंगुत्तरनिकायात आहे. केसपुत्त गावच्या कालामांनी बुद्धांना विचारले, की निरनिराळे गुरू येतात, आपले खरे आणि दुसऱ्याचे खोटे म्हणतात, आम्ही करावे काय? बुद्धांनी दहा आधार मोजून सांगितले, ज्यांच्यावर नुसते विसंबू नये. त्यात ऐकीव गोष्ट आहे, परंपरा आहे, ग्रंथ आहे, गुरूविषयीचा आदर आहे, आणि त्याच यादीत तर्कही आहे. एखादी गोष्ट आपल्या मताशी जुळते म्हणून ती मानणेही आहे. मग कसोटी कोणती? ती गोष्ट आचरली तर हित होते की अहित, आणि जाणते लोक तिची निंदा करतात की प्रशंसा, हे स्वतः जाणून घ्या. फिरणाऱ्या ओळीने यातले नेमके अवघड ते गाळले आहे. बुद्धांनी माणसाला स्वतःच्या पसंतीविषयीही सावध केले होते. पोस्टने त्याला सांगितले, की तुझी पसंती हीच कसोटी.

बुद्ध हयात असतानाच असे होऊ लागले होते. अरिठ्ठ नावाच्या भिक्षूने त्यांच्या उपदेशाचा भलताच अर्थ पसरवला, तेव्हा त्यांनी त्याला बोलावून सर्वांसमोर विचारले आणि चुकीच्या रीतीने धरलेला धम्म शेपटीकडून पकडलेल्या सापासारखा उलटतो असे समजावले. आपल्यामागे काय होईल याचीही त्यांनी सोय केली. महापरिनिब्बानसुत्तात चार महापदेश आहेत. कोणी म्हणाला, की हे मी खुद्द बुद्धांच्या मुखातून ऐकले, किंवा अमक्या संघाकडून, अनेक थेरांकडून (ज्येष्ठ भिक्षूंकडून), एका थेराकडून ऐकले, तर लगेच मान डोलवू नका आणि लगेच झिडकारूही नका. शब्द नीट ध्यानात घ्या, सुत्त आणि विनय यांच्याशी ताडून पाहा. जुळले तर स्वीकारा, नाही तर सोडा. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही सूचना प्रत्येक फोनवर चिकटवून ठेवण्याच्या योग्यतेची आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर घेतला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी लाखोंसह धम्मदीक्षा घेतली, आणि 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा त्यांचा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. बुद्धवचन तोंडपाठ ठेवणाऱ्या भाणकांकडून विपर्यास कसा होत गेला, याची उदाहरणे त्यांनी त्यात दिली आहेत. त्यांत अरिठ्ठाचे उदाहरणही येते. मग त्यांनी कसोट्या घातल्या. बुद्ध बुद्धिवादी होते, म्हणून जे तर्कसंगत ते त्यांचे धरता येईल. माणसाच्या कल्याणाशी संबंध नसलेल्या चर्चेत ते पडत नसत, म्हणून तसली वचने त्यांची नव्हेत. आणि तिसरी कसोटी: ज्याविषयी खात्री होती ते त्यांनी निश्चयाने सांगितले, ज्याविषयी नव्हती तिथे मत तात्पुरते म्हणून मांडले. नव्याने धम्म स्वीकारलेल्या समाजाच्या हाती ग्रंथ देताना बाबासाहेबांना ही छाननी आवश्यक वाटली, हे फार मोलाचे आहे. ज्याच्यावर आयुष्य उभारायचे, ते वाक्य कोणाचे आहे हे ठाऊक असायलाच हवे.

इस्लाममध्ये याच काळजीतून हदीस, म्हणजे पैगंबरांची वचने, सांगणाऱ्यांची साखळी (इस्नाद) तपासण्याचे शास्त्र उभे राहिले. अमक्याने तमक्याकडून ऐकले, त्याने कोणाकडून, त्यातला प्रत्येक माणूस विश्वासाचा होता का. 'सहीह मुस्लिम' या हदीससंग्रहाच्या प्रस्तावनेत असा आशय आहे, की कानावर येईल ते सगळे पुढे सांगत सुटणे एवढ्यानेही माणूस खोटा ठरतो.

इथे प्रश्न लिहिणाऱ्याकडून पुढे पाठवणाऱ्याकडे वळतो. 'मी लिहिले नाही, आले तसे पाठवले' हा बचाव सर्वांच्या ओठावर असतो. पतंजलीच्या योगसूत्रांत आणि जैन आचारविचारात तो टिकत नाही. तिथे हिंसेचा विचार तीन अंगांनी होतो: स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि अनुमोदन दिलेली. योगसूत्रांनी असत्यालाही हेच माप लावले आहे. जैनांच्या तत्त्वार्थसूत्राने सत्यव्रताच्या दोषांत खोटा उपदेश आणि खोटा लेख तयार करणे यांची वेगवेगळी नोंद केली. मजकूर बनवणारा, पाठवणारा आणि त्यावर अंगठा उमटवणारा, तिघेही या हिशेबात येतात. वाटा कमीजास्त असेल. सुटका कोणाचीच नाही.

याचा पुरावा ग्रंथांत शोधायची गरज नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा इथे जमावाने पाच जणांना ठेचून मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, मंगळवेढ्याकडून भिक्षेसाठी आलेले लोक होते. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशा अफवा त्या दिवसांत व्हॉट्सअॅपवरून पसरल्या होत्या. चार ओळींचे संदेश, वाचायला सोपे, पाठवायला सोपे, खाली कोणाचे नाव नाही. ज्यांनी ते पाठवले त्यांतल्या बहुतेकांना आपण लेकरांच्या काळजीने पुण्यकर्म करतो आहोत असेच वाटले असणार. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली. एप्रिल २०२० मध्ये पुष्कळदा पुढे गेलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी जाईल असे केले, आणि असे संदेश ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने सांगितले. क्षणभर थांबावे लागले, तर माणसे पाठवायचे सोडून देतात, हे त्यातून दिसले.

तेव्हा लहान लिहावे की नाही, हा वाद निरर्थक आहे. लिहावेच. पण लहान करताना काय गाळायचे यात विवेक हवा. विशेषण गाळता येते, उपमा गाळता येते, प्रस्तावना तर गाळावीच. बोलणाऱ्याचे नाव, मूळ ठिकाण आणि वाक्याची मर्यादा गाळता येत नाही. आणि हे सांभाळूनही पोस्ट लहान राहते. कालामसुत्ताचेच पाहा: 'परंपरा, ग्रंथ, तर्क किंवा गुरू एवढ्याच भरवशावर काही मानू नका. कशाने अहित होते ते स्वतः पाहा, जाणते काय म्हणतात तेही पाहा. कालामांना बुद्धांचा उपदेश, अंगुत्तरनिकाय, तिकनिपात. सार माझ्या शब्दांत.' हे २८० अक्षरांत बसते, आजीलाही कळते आणि शंका आली तर शोधताही येते. शेवटचे तीन शब्द सर्वांत महत्त्वाचे. त्यांनी बुद्ध आणि लिहिणारा यांच्यामध्ये केसोबासांची रेघ ओढली.

चित्रावर अक्षरे छापून पाठवण्याची सवय मात्र सोडलेली बरी. चित्रातला मजकूर सहज शोधता येत नाही, खालचे नाव कोणीही कापून टाकतो, आणि संताचा चेहरा वर असला की वाचणारा तपासायचे विसरतो. तसेच 'अकरा जणांना पाठवा, शुभवार्ता मिळेल. न पाठवल्यास अनिष्ट होईल' असे मजकूर. पोस्टकार्डांच्या काळात ते देवदेवतांच्या नावाने येत, आता फोनवर येतात. भीती घालून पसरवलेल्या नामात भक्ती कसली? असे मजकूर तिथेच थांबवावेत.

मराठी वाचकाला तर पडताळणी सोपी आहे. ज्ञानेश्वरीच्या प्रत्येक ओवीला अध्याय आणि क्रमांक आहे. तुकोबांच्या गाथेची शंकर पांडुरंग पंडित यांच्या देखरेखीखाली सिद्ध झालेली इंदुप्रकाश आवृत्ती १८६९ मध्ये निघू लागली, तिच्यावरून सरकारने १९५० मध्ये गाथा छापली, आणि तिच्यातल्या प्रत्येक अभंगाला क्रमांक आहे. येत्या आषाढीला तुकोबांच्या नावाने काही पाठवायचे असेल, तर आधी तो क्रमांक शोधावा आणि अभंगाखाली लिहावा. सापडला नाही, तर तुकोबांचे नाव काढून टाकावे, आणि ओळ स्वतःची असेल तर खाली आपले नाव लिहावे.